रेंजवर पिस्तूल लावायला होल्स्टर घेताय? अमेरिकेतल्या नवीन मराठी शूटर्ससाठी

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक हल्ली शूटिंगकडे वळलेत. डॅलस-ह्यूस्टनकडे तर शनिवारी सकाळी रेंजवर मराठी कानावर पडलं तर आश्चर्य वाटत नाही, आणि पिस्तूल घेऊन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायचं म्यान, कुठलं घेऊ. मग होतं काय, पिस्तुलावर पाच-सहाशे डॉलर घातलेला माणूस होल्स्टर मात्र ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसेल ते कापडी, सगळ्या पिस्तुलांना बसणारं असं लिहिलेलं, दहा-बारा डॉलरचं मागवतो आणि तेच कमरेला लावून क्लासला येतो. हे मला खरंच बघवत नाही, कारण चांगलं होल्स्टर काही फार महाग नसतं, फक्त काय बघायचं ते माहीत हवं.

महाराष्ट्रात ज्यांनी नेमबाजी जवळून पाहिलीय त्यांच्या डोळ्यांसमोर बालेवाडी किंवा वरळीची रेंज असते, राही सरनोबतसारखे पिस्तूल नेमबाज असतात. त्या खेळात पिस्तूल पेटीतून येतं, टेबलावर राहतं, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून सेफ्टी फ्लॅग असतो आणि झालं की परत पेटीत जातं. कमरेला काही लावायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे होल्स्टर हा प्रकार आपल्याकडच्या माणसाला अगदीच नवा असतो आणि सिनेमात बघितलेलंच डोक्यात असतं. ते बाजूला ठेवा, पहिल्यापासून बघू.

सगळ्यात आधी व्हिसा

होल्स्टरच्या लेखात हे कशाला असं वाटेल पण आपल्या लोकांसाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा आहेत आणि अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते, आणखीही मोजके अपवाद आहेत, पण ते नसताना रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणंसुद्धा यातच येतं. ‘तासाभरासाठी तर घेतोय’ हे चालत नाही. आई-बाबा टुरिस्ट व्हिसावर आलेत म्हणून त्यांना रेंजवर नेऊन हौसेने दोन गोळ्या मारायला लावू नका, त्यांनाही हाच नियम आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझन्सना ही विशिष्ट मनाई लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, रेंजच्या काउंटरवरच्या माणसाला नाही.

मग राज्याचा कायदा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय हँडगन होल्स्टरमध्ये घेऊन फिरता येतं (अटी आहेत, जागेचे निर्बंध आहेत, ते वाचा). न्यू जर्सीत एकदम उलट, तिथे कॅरी परमिट नसेल तर पिस्तूल अनलोड करून बंद केसमध्ये किंवा कुलूप लावलेल्या डिकीतच रेंजपर्यंत न्यायचं. म्हणजे तिथे रेंजचं होल्स्टर बॅगेत जातं आणि रेंजवर पोचल्यावरच कमरेला लागतं, पिस्तूल लावून घरातून निघायचं नाही.

होल्स्टर लागणार आहे का ते रेंजला विचारा

बऱ्याच इनडोअर रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढून शूट करायला बंदीच असते. तिथे पिस्तूल केसमधून येतं, लेनमध्ये बेंचवर ठेवायचं, तिथूनच उचलायचं. तुमचं सगळं शूटिंग अशाच ठिकाणी होणार असेल तर सध्या होल्स्टर घेऊच नका, ते पैसे काडतुसांत आणि एखाद्या इन्स्ट्रक्टरच्या तासात घाला. होल्स्टर लागतं ते बेसिक पिस्तूलच्या पुढच्या क्लासना, आउटडोअर बेजवर (उघड्यावरच्या रेंजचे वेगवेगळे भाग), आणि यूएसपीएसए किंवा आयडीपीए या शूटिंग संघटनांच्या मॅचेसना.

फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या, होल्स्टरमधून ड्रॉ करायला, म्हणजे पिस्तूल काढायला, परवानगी आहे का आणि कुठल्या प्रकारचं होल्स्टर चालत नाही. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि मग क्लासच्या दिवशी घेतलेलं होल्स्टर बॅगेतच राहतं. खांद्याला अडकवायचं शोल्डर होल्स्टर जवळजवळ कुठल्याच क्लासला चालत नाही, कारण त्यातून काढताना नळी शेजारच्या आणि मागच्या माणसावरून फिरते. यूएसपीएसएच्या नियमांतही ते बाद आहे. कमरेच्या मागे, मणक्यावर लावायचं होल्स्टरही घेऊ नका, पडलात तर थेट मणक्यावर बसतं. पोटासमोर लावायचं अपेंडिक्स होल्स्टर बरेच इन्स्ट्रक्टर नवीन माणसाला लावू देत नाहीत आणि माझ्या मते बरोबरच करतात.

म्हणजे तुमच्यासाठी उरलं एकच, ज्या हाताने शूट करता त्या बाजूला, कमरेवर, पँटच्या बाहेरून लावायचं. याला ओडब्ल्यूबी म्हणतात. पँटच्या आत जाणारं आयडब्ल्यूबी कपड्याखाली लपवून फिरायला असतं, रेंजवर त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त, कारण पिस्तूल परत घालताना शर्ट आत ओढला जातो.

होल्स्टरचं काम काय

ट्रिगर पूर्ण झाकणं. नुसता ट्रिगर नाही, आख्खा ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) दोन्ही बाजूंनी झाकला गेला पाहिजे आणि तोही कडक मटेरियलने, म्हणजे बाहेरून बोटाने कितीही दाबलं तरी आतल्या ट्रिगरला काही कळता कामा नये. कापडी होल्स्टर इथेच नापास होतं, बाहेरून दाबलं की ट्रिगरचा आकार हाताला लागतो.

दुसरं काम म्हणजे पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडं राहणं. हे का ते नीट समजून घ्या. पिस्तूल परत ठेवताना एकच हात वापरायचा असतो, दुसरा छातीशी असायला हवा. होल्स्टर मऊ असेल तर ते बेल्टखाली चपटं होतं, मग माणूस दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरतो आणि तेव्हा नळी स्वतःच्याच बोटांकडे असते. जुन्या, वापरून लोळागोळा झालेल्या लेदर होल्स्टरची कड आत दुमडून ट्रिगर गार्डमध्ये शिरल्याने गोळी सुटल्याचे प्रकार झालेले आहेत. काढताना जेवढं लक्ष लागतं त्याच्यापेक्षा जास्त परत ठेवताना लागतं, त्यामुळे होल्स्टर निवडताना ‘पटकन काढता येतं का’ हे बघू नका, ‘एका हाताने, न चाचपडता, सहज परत जातं का’ हे बघा.

आणि तिसरं, पिस्तूल काढताना होल्स्टर बेल्टवरच राहिलं पाहिजे, पिस्तुलाबरोबर वर येता कामा नये.

मटेरियल

नायलॉनवर, म्हणजे त्या कापडी होल्स्टरवर, जास्त बोलत नाही, नको.

इंजेक्शन मोल्डेड प्लास्टिकची होल्स्टर साधारण पंचवीस ते चाळीस डॉलरला मिळतात, नावाजलेल्या कंपनीचं असेल तर सुरुवातीला चालून जातं.

कायडेक्स हे रेंजसाठी माझं पहिलं मत. हे एक थर्मोप्लास्टिक आहे, रोम अँड हास कंपनीने १९६५ च्या सुमारास विमानांच्या आतल्या भागांसाठी काढलेलं, पुढे सुऱ्यांच्या म्यानांना आणि मग होल्स्टरला वापरायला लागले. शीट गरम करून पिस्तुलाच्या आकारावर दाबून बसवतात, त्यामुळे पिस्तूल आत गेलं की ‘टक’ असा आवाज येतो आणि ट्रिगर गार्डच्या खाचेत ते पकडून राहतं. घामाने, पावसाने काही होत नाही, साबणाने धुता येतं, मऊ पडत नाही. जाडी ०.०८ इंच म्हणजे साधारण दोन मिलिमीटर असली की पुरे, त्याहून पातळ असेल तर बाजूने दाबून बघा, लवत असेल तर सोडून द्या. किंमत साधारण चाळीस ते ऐंशी डॉलर. ब्लेड-टेक, कॉम्प-टॅक, ब्राव्हो कन्सीलमेंट ही नावं शोधली तर अंदाज येईल, सफारीलँडचं त्यांच्या स्वतःच्या लॅमिनेटचं असतं पण कामाला तितकंच चांगलं. गावोगाव छोटे कारागीरही बनवतात आणि काही फार उत्तम बनवतात, फक्त कडा घासून गोल केल्यात का ते बघा, धारदार कड शर्ट फाडते आणि कातडीही सोलते.

लेदर दिसायला देखणं असतं हे मान्य. गॅल्को, डिसँटिस वगैरे चांगलं लेदर बनवतात, सत्तर-ऐंशीपासून पुढे किंमत. पण पहिलं होल्स्टर म्हणून घेऊ नका. घाम शोषतं, काही वर्षांनी मऊ होतं, आणि पिस्तूल त्यात ठेवून विसरलात तर लेदरमधल्या ओलीने गंज धरतो. घ्यायचंच झालं तर तोंडाशी आतून कडक पट्टी शिवलेलं घ्या.

तुमच्याच मॉडेलचं

ऑर्डर करताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पिस्तुलाच्या स्लाइडवर (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) लिहिलेलं पूर्ण नाव, जनरेशनसकट, बघून मगच ऑर्डर करा. ग्लॉक १७ च्या कायडेक्स होल्स्टरमध्ये ग्लॉक १९ सहसा बसतं कारण दोन्हींची रुंदी तीच आणि १९ फक्त आखूड आहे, पण ग्लॉक २१ बसणार नाही, तिची स्लाइड रुंद असते. सीझेड ७५ आणि शॅडो २ दिसायला भावंडं, होल्स्टर वेगळं. १९११ घेत असाल तर खाली रेल (लाइट वगैरे लावायची पट्टी) आहे की नाही ते सांगावं लागतं.

पिस्तुलाखाली लाइट लावलाय का? मग लाइटसाठीचंच होल्स्टर लागतं, आणि तेही त्याच लाइटचं, टीएलआर-१ वेगळं आणि टीएलआर-७ वेगळं. मोठ्या लाइटच्या होल्स्टरचं तोंड रुंद असतं, त्यामुळे ट्रिगर गार्डपाशी फट राहते, बोट जाईल एवढी. म्हणून रेंजच्या पिस्तुलावर लाइट लावूच नका असं मी नवीन माणसाला सांगतो, उजेडात शूट करताना त्याचं काही काम नाही, होल्स्टर महाग होतं ते वेगळंच. रेड डॉट (नेम धरायला स्लाइडवर बसवायची लाल ठिपक्याची काच) असेल किंवा पुढे लावायचा विचार असेल तर वरून कापलेलं, ऑप्टिक कट असलेलंच घ्या, हल्ली त्याचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी लागत नाहीत. डावखुरे असाल तर डावं, ते कधीकधी महिनाभर उशिरा येतं, क्लासच्या तारखेआधी बघून ठेवा.

बेल्ट

चांगलं होल्स्टर ऑफिसच्या पातळ पट्ट्याला लावलं तर काहीच उपयोग नाही. भरलेलं पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं असतं, पातळ पट्टा वळतो, होल्स्टर बाहेर झुकतं आणि काढताना सगळं वर ओढलं जातं. दीड इंच रुंदीचा, आत कडक पट्टी असलेला गन बेल्ट घ्या, नायलॉनचा चाळीस-पन्नास डॉलरपासून मिळतो. ओळखायचा कसा, बेल्ट गुंडाळी करून आडवा धरा आणि रुंदीच्या दिशेने पिळायचा प्रयत्न करा, सहज पिळला गेला तर तो कामाचा नाही. आणि पँटच्या लुप्समधून जातो ना ते दुकानातच बघा, काही फॉर्मल पँटच्या लुप्स दीड इंचाला अपुऱ्या पडतात.

होल्स्टर बेल्टला कसं लागतं तेही महत्त्वाचं. बेल्ट ज्यातून ओवायचा असे लूप सगळ्यात पक्के. टेक-लॉकसारखी बंद होणारी क्लिप पण चांगली, बेल्ट न काढता लावता येते. पॅडल म्हणजे नुसतं पँटमध्ये खोचायचं पान, ते सोयीचं असतं पण घ्यायचं असेल तर बेल्टखाली अडकणारे हुक आहेत ना ते बघा. लुप्स बेल्टच्या रुंदीचेच हवेत, पावणेदोन इंचाच्या लूपमध्ये दीड इंचाचा बेल्ट घातला की होल्स्टर वरखाली हलत राहतं.

बायकांसाठी एक खास गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. कंबर आणि नितंब यांच्यातल्या वळणामुळे साधं ओडब्ल्यूबी होल्स्टर वरून आत झुकतं आणि ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, बरगड्यांत घुसते, काढताना कोपर खांद्याच्या वर न्यावं लागतं. यासाठी ड्रॉप-ऑफसेट हँगर मिळतो, तो होल्स्टर थोडं खाली आणि शरीरापासून थोडं बाहेर आणतो. वीस-तीस डॉलरचा भाग आहे पण फरक प्रचंड पडतो. बारीक शरीराच्या पुरुषांनाही गरज पडू शकते. फक्त फार बाहेर किंवा तिरकं नको, यूएसपीएसएमध्ये सरळ आरामात उभं असताना नळी पायांपासून तीन फुटांच्या आत जमिनीकडे असावी लागते.

लॉक हवं का

रेंजसाठी घर्षणाने पकडणारं साधं कायडेक्स पुरतं. सतत पळापळ, गुडघ्यावर बसणं असेल तर लॉकवालं चांगलं, पण त्यात सोडायचं बटण कुठल्या बोटाने दाबायचं ते बघा. अंगठ्याने सोडायचं, सफारीलँडच्या एएलएससारखं, असेल तर उत्तम. तर्जनीने दाबायचं बटण असलेली होल्स्टर मात्र टाळा. घाईत माणूस बटण आत दाबत दाबतच पिस्तूल वर ओढतो आणि तेच दाबणारं बोट सरळ ट्रिगरवर उतरतं. कितीतरी इन्स्ट्रक्टर आणि रेंजेसनी अशा होल्स्टरवर बंदी घातलीय. दुकानात ही स्वस्तात दिसतात, म्हणून जरा ठासून सांगतोय.

घरी आणल्यावर तपासणी

काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे ओढून लॉक, चेंबर डोळ्यांनी बघा आणि करंगळीने चाचपा, मग परत एकदा बघा. आता रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घाला. ‘टक’ आलं? पलंगावर होल्स्टर उलटं धरून दोन-चार झटके द्या, पिस्तूल पडलं तर रिटेन्शन स्क्रू (होल्स्टरची पकड कमी-जास्त करायचा) पाव-पाव फेरा आवळत जा. फार आवळलात तर काढताना पँट वर येते, तेवढंही नको. बाहेरून ट्रिगरच्या जागी सगळीकडून अंगठ्याने दाबा. मॅगझिन रिलीजचं बटण होल्स्टरमुळे दाबलं जातंय का बघा, रिकामं मॅगझिन घालून, कारण हा दोष नव्या होल्स्टरमध्ये अधूनमधून निघतो आणि मग ऐन वेळी मॅगझिन सटकलेलं असतं.

मग बेल्टवर लावून खाली बसा, वाका, जिना चढा. ग्रिपभोवती हाताची सगळी बोटं पूर्ण बसली पाहिजेत, पिस्तूल आत असतानाच. मधलं बोट कायडेक्सला अडत असेल तर पकड चुकीचीच बसणार आणि काढल्यावर सावरावी लागणार, ते होल्स्टर परत करा. नाराजी वाटून घेऊ नका, परत करा.

आता स्क्रूंबद्दल, कारण कायडेक्स तुटण्यापेक्षा स्क्रू पडूनच जास्त वेळा निकामी होतं. गोळीबाराने नाही, चालण्याने आणि सतत काढण्या-घालण्याने ते ढिले होतात. सगळं जुळवून झालं की एकेक स्क्रू काढा, आट्यांना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब लावा, परत बसवा. लाल लॉकटाइट नको, ते कायमचं चिकटतं. वाळल्यावर नेलपॉलिशने स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर जाणारी एक बारीक सरळ रेघ ओढा. दर वेळी निघताना रेघ बघायची, तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय.

रेंजवर पहिल्यांदा लावताना

बहुतेक मॅचेस कोल्ड रेंजवर होतात, म्हणजे पिस्तूल अनलोड, मॅगझिन बाहेर, आणि रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. बॅगेतून काढून होल्स्टरमध्ये घालायचं ते सेफ्टी एरियातच, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेतच, आणि तिथे काडतुसांना हातही लावायचा नाही. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर उभं राहून हे करू नका, घरी पाठवतात.

कपडे साधे, शर्ट खोचलेला, आणि हुडी किंवा जॅकेटची लोंबणारी दोरी नको. दोरीच्या टोकाचा तो प्लास्टिकचा गोळा ट्रिगर गार्डमध्ये शिरला की होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी उपयोग नाही. परत ठेवताना थांबा, बोट ट्रिगरपासून लांब स्लाइडच्या बाजूला सरळ, कपडा बाजूला, होल्स्टरकडे मान वळवून बघा, मग हळूहळू. काही अडलं तर ढकलायचं नाही, बाहेर काढून काय अडतंय ते बघायचं. परत ठेवण्याची स्पर्धा कुठल्याच मॅचमध्ये नसते.

किती खर्च

कायडेक्स साठ, बेल्ट पन्नास, दोन मॅगझिनचा पाउच तीस, म्हणजे साधारण एकशेचाळीस डॉलरमध्ये सगळं बसतं आणि नीट वापरलं तर वर्षानुवर्षं चालतं. बजेट कमी असेल तर पाउच नंतर घ्या, बेल्ट नाही. सेकंडहँड कायडेक्स घ्यायला हरकत नाही, पण लेदर सेकंडहँड घेऊ नका.

देखभाल फार नाही. पिस्तूल काढून ठेवायचं, होल्स्टर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचं, आत वाळूचे कण राहिले तर ते स्लाइडवर ओरखडे काढतात. रेंजवरून आलेल्या होल्स्टरवर शिशाची बारीक धूळ असते, म्हणून स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, स्वतःचे हातही धुवा. टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, कायडेक्स उष्णतेनेच बनतं आणि उष्णतेनेच बिघडतं. अधूनमधून उजेडात धरून लुप्सच्या वळणापाशी आणि स्क्रूच्या भोकांभोवती बघा, तडा जातो तो तिथूनच जातो. पांढुरकी रेघ दिसायला लागली की नवा लूप मागवा, बहुतेक कंपन्या सुटे विकतात आणि ते दहा-पंधरा डॉलरला मिळतात. तडा ट्रिगर गार्डजवळच्या भागात असेल तर मात्र लूप बदलून भागत नाही, होल्स्टर कापून कचऱ्यात टाका म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.